रेल्वेत वरच्या खुर्चीवर कोण बसतं? खातं, जन्मतारीख आणि आता आयआरएमएस

ताईंनी विचारलंय की भाचा यूपीएससी करतोय, रेल्वे मिळायची शक्यता आहे, रेल्वेतल्या सगळ्या सर्व्हिसेस एक करून म्हणे आयआरएमएस केलीय, तर पूर्वी वर कोण जायचं, आता कोण जातं आणि आज लागलेला पोरगा रेल्वे बोर्डाच्या चेअरमनपर्यंत पोचू शकतो का.

आधी माझं सांगतो. १९८२ ते २०१८ रेल्वेत काढली, सगळी पर्सोनेलमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या भरती-बढतीचं खातं. क्लार्क म्हणून लागलो, मग वेल्फेअर इन्स्पेक्टर, मग परीक्षा देऊन एपीओ म्हणजे असिस्टंट पर्सोनेल ऑफिसर, आणि शेवटी व्हीटीहून रिटायर (सीएसएमटी म्हणायची सवय अजून लागलेली नाही, माफ करा). त्यामुळे त्या खुर्चीच्या जवळपास मी कधी गेलो नाही. पण बरीच वर्षं गॅझेटेड सेक्शनला होतो, तिकडे जाणाऱ्या साहेबांच्या सिनिऑरिटी लिस्टा, सर्व्हिस रेकॉर्ड, कोणाचे किती महिने उरलेत याचे तक्ते, हे सगळं माझ्या टेबलावरून गेलंय.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या. पूर्वी वर कोण जाणार ते दोन गोष्टींवर ठरायचं, खातं कुठलं आणि जन्मतारीख कुठली. २०१९ नंतर खात्याचं वजन कमी करायचा मोठा प्रयत्न झाला, त्यातला अर्धा परत मागे घेतला. जन्मतारखेचं वजन आहे तिथेच आहे. आता सविस्तर.

जन्मतारखेपासूनच सुरू करतो कारण बाहेरच्यांना हे पटकन पटत नाही. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो हे तुम्हाला माहीत असेलच, शाळेत घालताना आईबापांना तारीख आठवत नसायची आणि मास्तर दाखल्यावर १ जून ठोकून द्यायचे. सरकारी नियम असा की ज्या महिन्यात ६० पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर, पण जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटी. म्हणजे १ जूनवाले सगळे ३१ मेला घरी. आमच्याकडे ३१ मेला फंक्शनला हॉल पुरायचा नाही, सेटलमेंट सेक्शनचे लोक आठवडाभर रात्री आठ-आठपर्यंत बसायचे, नारळ आणि शाली घाऊक आणाव्या लागायच्या. खालच्या माणसाचं त्यात एका महिन्याच्या पगाराचं नुकसान, बाकी काही नाही. वर मात्र त्याच एका महिन्यावर माणूस जीएम होतो किंवा होत नाही.

ते कसं? वर जायच्या वाटेवर दोन मोठे टप्पे आहेत, डीआरएम आणि जीएम. डीआरएम म्हणजे डिव्हिजनचा मालक, भुसावळ, नागपूर, सोलापूर, पुणे, मुंबई ही आमच्या सेंट्रलची डिव्हिजनं. डीआरएम व्हायला वयाची अट ५२, जागा रिकामी होते त्या दिवशी ५२ ओलांडलेले असतील तर मग तुम्ही कितीही हुशार असा, विषय संपला. जीएम म्हणजे अख्ख्या झोनचा प्रमुख, आणि जीएमच्या पॅनेलवर यायला वर्षानुवर्षं अट होती ती जागा रिकामी होताना किमान दोन वर्षं नोकरी शिल्लक असण्याची. त्यापुढे बोर्डाचा मेंबर, तिथेही आधी काही काळ जीएम केलेलं हवं आणि पुढे काही नोकरी उरलेली हवी. हे सगळं जुळून आलं की जो उरतो तो चेअरमन. आता तुम्हीच बघा यात कर्तबगारी कुठे मोजली. सी.आर. म्हणजे वरिष्ठांचे वार्षिक गोपनीय शेरे चांगले लागायचेच, पण सी.आर. तर सगळ्यांचेच चांगले असायचे, 'आउटस्टँडिंग' नसलेला साहेब मी तरी बघितला नाही. शेवटी निकाल लागायचा तो दाखल्यावर मास्तरांनी कुठली तारीख टाकली यावर.

गंमत म्हणजे सरकारनं एकदा सगळ्यांचीच जन्मतारीख हलवली. मे १९९८ मध्ये रिटायरमेंट ५८ ची ६० झाली. खालचे सगळे खूश, पण गॅझेटेड सेक्शनमध्ये आम्ही डोक्याला हात लावून बसलो होतो, कारण पुढची दोन वर्षं वयानं रिटायर होणारा माणूसच नाही, म्हणजे वर खुर्ची रिकामी होत नाही, म्हणजे मधले जागेवरच म्हातारे होतात आणि दोन-दोन महिन्यांच्या फरकानं त्यांची ५२ ची रेषा निघून जाते. असे दोन-तीन साहेब रोज चहाला येऊन बसायचे, लिस्ट काढा म्हणायचे, जणू मी लिस्ट काढली की त्यांचं वय कमी होणार होतं.

आता जमालपूर. बिहारातल्या जमालपूरच्या वर्कशॉपमध्ये १९२७ पासून स्पेशल क्लास अप्रेंटिस म्हणून पोरं घ्यायचे, बारावीनंतर, यूपीएससीची वेगळी परीक्षा. ही पोरं अठरा-एकोणिसाव्या वर्षी आत यायची, तिथेच शिकून मेकॅनिकल सर्व्हिसमध्ये ऑफिसर व्हायची. तेवीस-चोवीसच्या वयात हे ऑफिसर आणि सिव्हिल सर्व्हिसेसमधून येणारा ट्रॅफिकवाला म्हणजे गाड्या चालवण्याच्या खात्याचा किंवा आमचा पर्सोनेलवाला सत्तावीस-अठ्ठावीसला. चार वर्षांचा फरक आहे हा, आणि तो शेवटपर्यंत भरून निघत नाही. अश्वनी लोहानी, सुनीत शर्मा हे अलीकडचे चेअरमन जमालपूरचेच. जमालपूरची पोरं हुशार होती यात वादच नाही, हजारोंतून निवडलेली असायची, पण त्यांचं अर्धं भांडवल वय होतं हे तेही मान्य करायचे. यूपीएससीनं २०१६ पासून ती परीक्षा बंद केली.

दुसरी गोष्ट खातं. यासाठी थोडं मागे जावं लागेल, पटकन सांगतो. सुरुवातीला रेल्वे सरकारी नव्हतीच. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती जीआयपी कंपनीची, कंपनीचे डायरेक्टर लंडनला आणि इथे त्यांचा माणूस 'एजंट'. एजंट म्हणजे आजचा जीएमच, पुढे नाव बदललं. १९०५ ला रेल्वे बोर्ड आलं, एक प्रमुख आणि दोन मेंबर, बस तीन माणसं. मग १९२१ ला अ‍ॅकवर्थ कमिटीनं रिपोर्ट दिला, त्यातून एक चीफ कमिशनर आला ज्याचा शब्द तांत्रिक बाबतीत शेवटचा, १९२३ ला फायनान्शियल कमिशनर आला, आणि १९२४ ला रेल्वेचे पैसे सरकारच्या बाकी पैशांपासून वेगळे झाले. हा फायनान्शियल कमिशनर मोठी चीज होती. बोर्डात बाकीच्यांशी त्याचं पटलं नाही तर त्याला थेट अर्थमंत्र्यांकडे जायची मुभा. म्हणजे घरात चार भाऊ आणि एकाच्या हातात तिजोरीची किल्ली, आणि तो थोरल्यालाही बांधील नाही. १९५१ ला चेअरमन हे पद आलं, त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला आमची सेंट्रल आणि शेजारची वेस्टर्न झाली.

बाकी मंत्रालयांत वर आयएएस सेक्रेटरी असतो, रेल्वेत तसं नाही हे लक्षात घ्या. चेअरमन हाच भारत सरकारचा प्रिन्सिपल सेक्रेटरी, मेंबर हे सेक्रेटरी दर्जाचे, आणि सगळे रेल्वेतच आयुष्य घालवलेले. ही रेल्वेवाल्यांची शान होती आणि खरं सांगतो, दुखणंही हेच होतं. कारण रेल्वेवाला असा कोणी नसायचाच. कोणी ट्रॅफिकचा, कोणी इंजिनिअरिंगचा म्हणजे रुळ-पुलवाला, कोणी मेकॅनिकल, कोणी इलेक्ट्रिकल, कोणी सिग्नल, कोणी अकाउंट्स, कोणी स्टोअर्स, कोणी पर्सोनेल. आठ सर्व्हिसेस. बोर्डात मेंबर ट्रॅफिक ट्रॅफिकचाच, मेंबर इंजिनिअरिंग इंजिनिअरिंगचाच. आमच्या पर्सोनेलची तर कथाच वेगळी, मेंबर स्टाफ म्हणून खुर्ची होती पण ती कुठल्याही खात्याच्या माणसाला मिळायची, म्हणजे लग्न आमचं आणि बोहल्यावर दुसराच.

याचा रोजच्या कामावर काय परिणाम व्हायचा ते सांगतो. डिव्हिजनला सकाळी डीआरएमची कॉन्फरन्स असते. आदल्या दिवशीच्या गाड्या कंट्रोल म्हणजे गाड्यांवर लक्ष ठेवणारं ऑफिस वाचून दाखवतं, कुठली किती लेट. असंच एका डिव्हिजनला मी वेगळ्याच कामासाठी आत बसलो होतो, पीएनएमचे म्हणजे युनियनबरोबरच्या मीटिंगचे मिनिट्स सही करून घ्यायचे होते. एक मेल गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये चौदा मिनिटं खाऊन गेलेली. ऑपरेटिंगवाला म्हणाला सिग्नल फेल. सिग्नलवाला म्हणाला सिग्नल कसला फेल, पॉइंट म्हणजे रूळ बदलायचा सांधा बसला नाही कारण मध्ये खडी अडकली, खडी इंजिनिअरिंगची. इंजिनिअरिंगवाला म्हणाला तो पॉइंट ओव्हरहॉल करायला मी तीन आठवडे ब्लॉक म्हणजे गाड्या थांबवून कामाला वेळ मागतोय, ऑपरेटिंग देत नाही. झालं, वर्तुळ पूर्ण. मग त्या चौदा मिनिटांची वाटणी सुरू झाली, कारण प्रत्येक मिनिट कुठल्या तरी खात्याच्या नावावर पडतं आणि महिनाअखेरीला त्याचा हिशेब वर जातो. सहा सिग्नलला, पाच इंजिनिअरिंगला, तीन ऑपरेटिंगनं कसेबसे घेतले. चाळीस मिनिटं चाललं हे. खडी तिथे पडली कशी आणि उद्या परत पडू नये म्हणून काय करायचं हे मी असेपर्यंत तरी कोणी विचारलं नाही. डीआरएम साहेब शांतपणे ऐकत होते, ते स्वतः यातल्या एका खात्याचे, आणि समोरच्या सगळ्यांना ते माहीत, त्यामुळे ते काहीही बोलले असते तरी 'साहेब आपल्याच लोकांची बाजू घेतात' हे ठरलेलं.

हेच दृश्य दिल्लीला रेल भवनात मोठ्या प्रमाणावर. डिझेल इंजिन मेकॅनिकलचं, विजेचं इंजिन इलेक्ट्रिकलचं, म्हणजे कुठल्या लाइनवर वीज टाकायची हा प्रश्न देशाच्या इंधनाचा कमी आणि दोन खात्यांच्या पोस्टींचा जास्त. २०१६ ला नावं बदलून बघितली, मेंबर मेकॅनिकलचा मेंबर रोलिंग स्टॉक झाला आणि मेंबर इलेक्ट्रिकलचा मेंबर ट्रॅक्शन. पाट्या बदलल्या, माणसं तीच.

सर्व्हिसेस एक करा हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. प्रकाश टंडन कमिटी १९९४, राकेश मोहन २००१, सॅम पित्रोदा २०१२, बिबेक देबरॉय २०१५, सगळ्यांनी या ना त्या रूपात हेच सांगितलं. देबरॉय कमिटीचं म्हणणं आठाच्या दोन करा, एक टेक्निकल आणि एक बाकीच्यांची. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तेच सगळ्यात शहाणपणाचं होतं.

पण सर्व्हिसेस एक झाल्या त्याआधीच्या २०१७ बद्दल बोलायला हवं, कारण वरच्या माणसाची वागणूक बदलायचा खरा धक्का मी तेव्हा बघितला. ऑगस्टमध्ये मुझफ्फरनगरजवळ खतौलीला उत्कल एक्स्प्रेस घसरली, चेअरमन ए. के. मितल यांनी राजीनामा दिला आणि एअर इंडियात असलेल्या लोहानींना परत आणून चेअरमन केलं. थोड्याच दिवसांत ऑर्डर आली की १९८१ चं प्रोटोकॉलचं सर्क्युलर रद्द, म्हणजे चेअरमन किंवा मेंबर झोनमध्ये आले की जीएमनं स्टेशनवर किंवा एअरपोर्टवर हजर राहायचं हे बंद, बुके आणि भेटवस्तू बंद. साहेबांच्या बंगल्यावर राबणारे ट्रॅकमन परत लाइनवर पाठवा असंही निघालं, आणि सलून म्हणजे साहेबांचा खास डबा सोडून साध्या डब्यातून फिरा म्हणून सांगितलं.

वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. मी वेल्फेअर इन्स्पेक्टर असताना जीएम इन्स्पेक्शनच्या आधी पंधरा दिवस माझं काम काय असायचं सांगू? दगडांना चुना, कॉलनीतल्या झाडांना गेरू, स्टेशनवर रांगोळी काढणाऱ्या मुली गोळा करणं आणि बुके. कुठल्या साहेबाच्या मिसेसना कुठली फुलं चालत नाहीत याची आमच्याकडे वही होती, खोटं नाही सांगत. इन्स्पेक्शन स्पेशल यायची, मागच्या काचेच्या डब्यात साहेब बसून रूळ बघत यायचे, उतरले की हार, भाषण, क्वार्टरच्या गळक्या छपराचा अर्ज द्यायला उभी असलेली बाई तिसऱ्या रांगेत. म्हणून ती २०१७ ची ऑर्डर निघाली तेव्हा माझी रिटायरमेंट जवळ आली होती आणि मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. किती टिकलं? बुके थोडे कमी झाले. बंगला प्यूनची नवीन भरती २०२० च्या ऑगस्टमध्ये थांबवली, तेही मोठंच म्हणायचं, कारण त्या पदावर बंगल्यात दिवस काढून मग पर्मनंट होणारी अख्खी वाट होती.

२०१७ च्याच सप्टेंबरच्या २९ तारखेला एल्फिन्स्टन रोडची चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. मुंबईकराला वेगळं सांगायला नको. त्यात आम्हा आतल्या लोकांना टोचणारी गोष्ट वेगळी होती. तोपर्यंत जादा पादचारी पूल हा कागदावर 'प्रवासी सुविधा' या सदरात मोडायचा, म्हणजे बाकड्यांच्या आणि पंख्यांच्या रांगेत, पैसे उरले तर. त्या घटनेनंतर पूल ही सुविधा नसून गरज आहे असं ठरलं, सुरक्षेच्या कामांवर खर्च करायचे पूर्ण अधिकार जीएमला दिले, आणि मुख्यालयातले दोनशेच्या आसपास अधिकारी मुंबईत फील्डवर पाठवायचं जाहीर झालं. तीन पूल तर लष्करानं बांधले, एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली, फेब्रुवारी २०१८ ला खुले. जीएम ही एवढी मोठी खुर्ची, पण सदर बदलेपर्यंत तिचे हात बांधलेले होते. जीएमच्या हातात टेंडरचे अधिकार द्यायचं काम रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंच्या काळात आधीच सुरू झालं होतं, कोकण रेल्वेवाल्या श्रीधरन साहेबांची एकसदस्य कमिटी त्यासाठीच होती, पण २०१७ नंतर त्याला वेग आला. २०१७ पासूनच रेल्वेचं वेगळं बजेटही गेलं, त्यामुळे दिल्लीला 'आमचं बजेट' म्हणून जो ताठा होता तो थोडा उतरला.

आता डिसेंबर २०१९. दिल्लीत ७ आणि ८ तारखेला परिवर्तन संगोष्ठी म्हणून मोठी बैठक झाली आणि २४ तारखेला कॅबिनेटचा निर्णय आला. आठ सर्व्हिसेसची मिळून एक, इंडियन रेल्वे मॅनेजमेंट सर्व्हिस म्हणजे आयआरएमएस. आरपीएफ आणि मेडिकल बाहेर. बोर्ड आठाचं पाच केलं, चेअरमन हाच सीईओ, आणि चार मेंबर, इन्फ्रास्ट्रक्चर, ऑपरेशन्स अँड बिझनेस डेव्हलपमेंट, ट्रॅक्शन अँड रोलिंग स्टॉक आणि फायनान्स. म्हणजे खात्याच्या नावाऐवजी कामाचं नाव. जीएमची पदं सेक्रेटरीच्या तोडीची केली. पहिले चेअरमन-सीईओ झाले विनोदकुमार यादव, इलेक्ट्रिकलचे, ते तर रिटायर होऊन परत नेमलेले.

ऐकायला छान. मग भांडण कशावरून झालं? परत जन्मतारीख! इंजिनिअरिंगची परीक्षा देऊन आलेला तेवीस-चोवीसला लागतो, सिव्हिल सर्व्हिसेसवाला उशिरा, शिवाय इंजिनिअर संख्येनंही जास्त. वेगवेगळी खाती होती तोवर ट्रॅफिकच्या माणसाला ट्रॅफिकची खुर्ची तरी राखीव होती, सगळे एका रांगेत उभे केले की वयानं लहान असलेलाच पुढे जाणार. म्हणून ट्रॅफिक, अकाउंट्स, पर्सोनेलच्या लोकांनी अर्जांचा पाऊस पाडला. त्यांचं चुकत नव्हतं. तोडगा म्हणून पुढे जे केलं ते मात्र उलट्या टोकाचं, नवीन भरती फक्त सिव्हिल सर्व्हिसेसच्या परीक्षेतून. मधली काही वर्षं इंजिनिअरिंगच्या परीक्षेतून रेल्वेला अधिकारी मिळालेच नाहीत. इतिहास किंवा समाजशास्त्र घेऊन पास झालेला पोरगा पुलाची तपासणी करणार का, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, तो विचारायला २०२४ उजाडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरलं की ट्रॅफिक, अकाउंट्स, पर्सोनेल हे सिव्हिल सर्व्हिसेसमधून आणि सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिग्नल, स्टोअर्स हे पूर्वीसारखे इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमधून. म्हणजे भिंत वरच्या मजल्यावर पाडलेली आणि तळमजल्यावर परत बांधलेली, अशी आजची इमारत आहे. मी याला अगदीच फेल म्हणणार नाही, कारण वरच्या मजल्यावर खरंच थोडी हवा खेळायला लागलीय, जीएमच्या निवडीत भावनिक बुद्धिमत्तेची चाचणीसुद्धा आणली (आमच्या वेळी ही असती तर निम्मी लिस्ट रिकामी झाली असती, असो).

पण वर बसणाऱ्याला वेळ किती मिळतो ते बघा. १ जानेवारी २०२१ ला सुनीत शर्मा आले, २०२२ ला व्ही. के. त्रिपाठी, २०२३ च्या जानेवारीत अनिलकुमार लाहोटी, जे आमच्या सेंट्रलचे जीएम होते, त्यांना मिळाले आठ महिने. १ सप्टेंबर २०२३ ला जया वर्मा सिन्हा, एक वर्ष. १ सप्टेंबर २०२४ ला सतीश कुमार. चार वर्षं व्हायच्या आत पाच चेअरमन. बारा लाखांच्या आसपास माणसं असलेलं खातं, त्याचा प्रमुख आठ महिन्यांत काय करणार, फाइली कुठे आहेत ते कळेपर्यंत नारळ-शाल. यावर सरकारनं काढलेला उपाय म्हणजे मुदतवाढ. त्रिपाठींना सहा महिने वाढवून दिले, सिन्हा मॅडमचं रिटायरमेंट तर चेअरमन झाल्यावर महिनाभरातच होतं, त्यांना परत नेमून ऑगस्ट २०२४ पर्यंत ठेवलं, सतीश कुमारांनाही २०२५ ला वर्ष वाढवलं. उपाय वाईट नाही, पण मुदतवाढ ही ऐन वेळी मिळणारी गोष्ट आहे आणि ती देणारा कोण हे खुर्चीवरच्या माणसाला माहीत असतं. पाच वर्षांचा माणूस आणि सहा-सहा महिन्यांनी रिन्यू होणारा माणूस मंत्र्यासमोर सारख्याच आवाजात बोलेल का?

तुलना हवी असेल तर आपल्या दारातलीच आहे. श्रीधरन साहेब १९९० ला मेंबर इंजिनिअरिंग म्हणून रिटायर झाले, तेव्हा रिटायरमेंट ५८ ला होती. त्याच वर्षी त्यांना कोकण रेल्वेचं सीएमडी केलं आणि १९९७ पर्यंत ठेवलं, सात वर्षं सलग. रोहा ते मंगळूर, सह्याद्रीचे बोगदे, पनवेल नदीचा पूल, पेडण्याचा तो खचणारा बोगदा, हे सगळं त्यात झालं. मग दिल्ली मेट्रो, तिथे २०११ पर्यंत. माणूस याच रेल्वेतून तयार झालेला, याच सिनिऑरिटी लिस्टमधून वर आलेला, पण त्याची मोठी कामं जन्मतारखेचा हिशेब संपल्यावर झाली. आत असताना कितीजणांमध्ये ते होतं आणि आम्ही त्यांना ३१ मेला शाल देऊन पाठवलं, देव जाणे.

दोन गोष्टी मात्र खरंच बदलल्या आणि त्या मला मनापासून आवडल्या. जया वर्मा सिन्हा या बोर्डाच्या पहिल्या महिला प्रमुख, ट्रॅफिकच्या, १९८८ च्या बॅचच्या. बालासोरच्या अपघातानंतर पत्रकारांना सिग्नलची भानगड समजावून सांगत होत्या त्याच. आणि सतीश कुमार हे अनुसूचित जातीतून आलेले पहिले चेअरमन. १९०५ ते २०२४, मोजा किती वर्षं झाली. का लागली एवढी, तर मला वाटतं यातही तीच ५२ ची रेषा आहे. सरकार परीक्षेला बसायला वयात सवलत देतं, एससी-एसटीला ३७ पर्यंत, ओबीसीला ३५ पर्यंत, ते योग्यच. पण पस्तिसाव्या वर्षी लागलेला माणूस डीआरएमच्या ग्रेडला पोचेपर्यंत ५२ उलटून गेलेले असतात. म्हणजे दार उघडं आणि जिना काढून घेतलेला. हे मी तक्त्यांमध्ये वर्षानुवर्षं बघितलंय, चांगली-चांगली माणसं, शेरे उत्तम, आणि शेवटच्या रकान्यात 'ओव्हरएज'.

तर ताई, भाच्याचं. डीआरएमच्या ग्रेडपर्यंत यायला सर्वसाधारण बावीस-पंचवीस वर्षं धरा. चोविसाव्या वर्षी लागला तर शेहेचाळीस ते एकोणपन्नासला तिथे, आरामात बसतं. सव्वीसला लागला तरी चालून जाईल, अठ्ठावीसला काठावर, तिशीच्या पुढे लागला तर नोकरी छान होईल, बंगला-पास सगळं मिळेल, पण डीआरएम अवघड आणि त्यापुढचं त्याहून. सिव्हिल सर्व्हिसेसमधून येणार असेल तर आता ट्रॅफिक, अकाउंट्स किंवा पर्सोनेल, त्यात निवडायला मिळालं तर ट्रॅफिक घे म्हणावं, गाड्या चालवलेल्या माणसाचं ऐकतात. सुरुवातीलाच एखादं ओपन लाइनचं म्हणजे जिथे प्रत्यक्ष गाड्या चालतात असं अवघड डिव्हिजन मागून घ्यायला सांगा, मुख्यालयात फाइलींत रमू नको म्हणावं. आमच्या वेळी ट्रेनिंगला साहेब लोक वडोदऱ्याला जायचे, गायकवाडांचा प्रताप विलास पॅलेस, जेवण उत्तम असायचं.

आणि एक, त्याची जन्मतारीख कळवा. खरी नको, दाखल्यावरची.